कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीला

जुलै 2021. भाड्यानं राहायला येऊन आम्हाला जेमतेम तीन आठवडे झालेले. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना गेलं की इशारा, 43 ला धोका, एवढं बातम्यांत ऐकलं होतं. समोरच्या काकी म्हणाल्या, "आकडा काय बघत बसलाय? आधी पिंपं भरा. पूर आला की नळाचं पाणी जातंय." खरंच गेलं. सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधायला लावणारा तालमीतला पोरगा (सिलिंडर तरंगतो, हे मला चाळिशीत कळलं!), "गाळ ओला हाय तवरच धुवा" म्हणत खराटा घेऊन आलेले मामा, पूर्ण वाळल्याशिवाय फ्रिज सुरू करू न देणाऱ्या आक्का... सगळ्यांचे आभार. त्या गडबडीत नावं विचारायचीही राहिली. तांबड्या-पांढऱ्याचं जेवण माझ्याकडं उधार आहे.