पहिले उत्पादन लहान असावे, अर्धवट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्टार्टअपना मिळालेल्या गुंतवणुकीच्या बातम्या ठळकपणे छापल्या जातात. पहिले उत्पादन लोकांपुढे ठेवण्याआधीच्या तयारीविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र.

‘एमव्हीपी’ (मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट, ग्राहकाला वापरता येईल असे किमान पहिले उत्पादन) म्हणजे दहा सोयी थोड्याथोड्या केलेले ॲप, अशी अनेक नवउद्योजकांची समजूत दिसते. वास्तविक त्यात एकच काम असावे, पण ते ग्राहकाच्या हातून शेवटपर्यंत पार पडावे. २००७ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या फ्लिपकार्टने आरंभी फक्त पुस्तके विकली. अमेरिकेत १९९९ मध्ये झॅपोस या ऑनलाइन बूटविक्री कंपनीच्या संस्थापकाने तर गोदामही न उभारता दुकानांतील बुटांची छायाचित्रे संकेतस्थळावर टाकली आणि मागणी येईल तसे ते बूट दुकानातून विकत घेऊन पाठवले; त्यात नफा नव्हता, परंतु पायात घालून न पाहता लोक बूट घेतील का, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळाले.

आपल्याकडे अनेकांची खरी दमछाक कोड लिहून झाल्यावर होते. ओटीपीचा साधा एसएमएस पाठवायचा तरी डीएलटी या व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी प्रणालीवर संस्थेची नोंदणी करून हेडर (एसएमएसवर दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव) आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. गूगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना, ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी, किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घेणे बंधनकारक आहे. हे दिवस हिशेबात न धरताच उद्घाटनाच्या पत्रिका छापून मोकळे होणारेही आहेत!

शिवाय ते १२ जण मित्रमंडळींतून गोळा केले, तर नियम पाळला जातो, पण हाती काही लागत नाही. बाजारभावाचे ॲप असेल, तर लासलगावच्या बाजार समितीत कांदा घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या स्वस्त फोनवर, भर उन्हात आणि रेंज येत-जात असताना ते उघडते का, हे पाहायला हवे. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून फोनमधील संपर्कयादी मागण्याची सवयही आताच सोडावी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख सांगितलेल्या कामापुरतीच माहिती घेण्यावर आहे.

महाविद्यालयीन स्टार्टअप स्पर्धांच्या परीक्षकांनी सादरीकरणाच्या स्लाइड पाहण्याऐवजी स्पर्धकांकडून अशा चाचणीची नोंदवही मागावी, आणि आपल्या अर्थविषयक पानावर या तयारीला अधूनमधून जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक