ड्रेसिंग रूममधल्या सिस्टरांना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

बाबांचा पाय आता बरा आहे. सूज उतरली, सालपटं निघून खालची नवी कातडी दिसायला लागली. डॉक्टरांचे आभार तेव्हाच मानून झाले. हे पत्र खास तुमच्यासाठी.

सेल्युलायटिसचं, म्हणजे कातडीत खोलवर पसरणाऱ्या जंतुसंसर्गाचं, निदान झालं, अँटिबायोटिक सुरू झालं. नडगी लालबुंद, तापलेली; बाबा कुणाला हात लावू देत नव्हते. तुम्ही बॉलपेनने त्या लालीच्या कडेकडेने रेघ ओढलीत आणि शेजारी तारीख-वेळ टाकलीत. 'पहिले एक-दोन दिवस लाली रेघेच्या थोडी बाहेर गेली तर लगेच घाबरू नका. पण भराभर पसरली, थंडी वाजून ताप आला किंवा बाबा बरळायला लागले, तर रात्र असली तरी घेऊन या.' त्या रेघेने आमच्या घरातली 'वाढलंय', 'छे, कमी झालंय' ही वादावादीच मिटवली.

मग तुम्ही बाबांच्या पायाची बोटं फाकवून पाहिलीत. दुखत होती नडगी, त्यामुळे तिथे बघायचं कुणाला सुचणार? करंगळीशेजारच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजल्यासारखी, मधोमध बारीक चीर. चिखल्या! स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू दहापैकी साधारण तिघांच्या नाकात मुक्कामाला असतो आणि बहुतेकांना काही त्रास देत नाही. त्याला किंवा स्ट्रेप्टोकोकस या दुसऱ्या जंतूला आत शिरायला एवढीशी फट पुरते, हे तुम्ही पट्टी बांधता बांधता सांगितलंत. चिखल्या बुरशीच्या, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. वेगळं मलम लावलं नाही तर पुन्हा हेच दुखणं, असं म्हणून डॉक्टरांकडून ते लिहून आणलंत. माझ्या मते खरा इलाज तिथे झाला.

जाता जाता माझ्या मुलाच्या मानेवरचं केसतूडही तुमच्या नजरेतून सुटलं नाही. 'दाबायचं नाही, पू आत खोल जातो. गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने दहा-पंधरा मिनिटं शेका, दिवसातून तीन-चारदा. आणि टॉवेल त्याचा त्याला.' ते आपोआप फुटलं आणि वाळलं.

बाबा आता आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करतात, वर आम्हालाही करायला लावतात. बाहेर एवढी रांग असताना तुम्ही त्यांचे मोजे उतरवून पाहिलंत, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

तुमच्या एका पेशंटची मुलगी