मापं दिली म्हणून आकार बनतोच असं नाही

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत छापलंय की गणितात आता नवीन काही उरलं नाही, जे राहिलंय ते कॉम्प्युटर करेल. मी क्लासमध्ये अकरावी-बारावीला गणित शिकवतो, एम.एस्सी.ला थोडी अल्जेब्रिक जॉमेट्री केली होती, म्हणून राहवलं नाही.

बहुपदींच्या समीकरणांतून जे आकार तयार होतात त्यातल्या तीन कॉम्प्लेक्स मितींच्या आकाराला थ्रीफोल्ड म्हणतात, आपल्या साध्या हिशोबात त्या सहा मिती झाल्या, म्हणजे चित्र काढायचा विषयच संपला. मग ओळखायचं कसं, तर इनव्हेरियंट नावाच्या आकड्यांवरून, त्यातले मुख्य दोन म्हणजे पी-जी (कर्व्हच्या जीनसचा, म्हणजे भोकांच्या संख्येचा, वरच्या मितींतला भाऊ) आणि के चा घन (हे त्याचं घनफळ समजा). प्रश्न उलटा आहे, आकडे आधी ठरवायचे आणि त्या मापाचा जनरल टाइपचा, म्हणजे घनफळ शून्याहून मोठं असलेला, थ्रीफोल्ड शिवून दाखवायचा, आणि इथला शिंपी बऱ्याचदा सांगतो की या मापाचा कपडा होतच नाही.

एका मितीत काही भानगड नाही, जीनस कुठलाही सांगा, कर्व्ह मिळतो. दोन मितींत कुंपण आहे, बाकीच्या आकड्यांच्या मानाने के चा वर्ग (तिथलं घनफळ) किती मोठा असू शकतो याची वरची हद्द मियाओका आणि याउ यांनी १९७७ मध्ये सिद्ध केली, आणि त्या हद्दीवर पी-जी शून्य, के चा वर्ग ९ असलेला पहिला सरफेस मम्फर्डने १९७९ मध्ये बनवला. असे एकूण किती? आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) बरीच वर्षं काढलेले गोपाल प्रसाद आणि त्यांच्याबरोबर युंग, या दोघांनी २००७ मध्ये वर्गवारी लावली, मग कार्टराइट आणि स्टेगरने २०१० मध्ये ती पूर्ण केली, बरोब्बर १००. आता यात कॉम्प्युटर होता बरं का, पण त्याला काय मोजायचं हे सांगण्याइतपत तयारी व्हायलाच कितीतरी वर्षं गेली.

तीन मितींत के चा घन हा पी-जीच्या ४/३ पटीतून १०/३ वजा केल्यावर जे येतं त्याहून कमी नसतो, हे २०२० मध्ये जुंगकाई चेन, मेंग चेन आणि चेन जियांग यांनी पी-जीच्या मधल्या काही किमती सोडून सिद्ध केलं. आता तीन मितींच्या प्रोजेक्टिव्ह स्पेसचं डबल कव्हर घ्या, म्हणजे तिच्या प्रत्येक बिंदूवर दोन बिंदू बसवलेला आकार, आणि दहाव्या डिग्रीच्या एका सरफेसवर ते दोन एकच होतात (ब्रांच होतात), त्याचा पी-जी ४ आणि के चा घन २. मांडून बघा, १६/३ वजा १०/३ म्हणजे २ च, अगदी काठावर! बारावीचं पोरगं करेल.

पण मला सगळ्यात आवडतो तो इयानो-फ्लेचर या गणितज्ञाच्या यादीतला थ्रीफोल्ड. पाच चल घ्यायचे, डिग्री मोजताना प्रत्येकाला एक वजन द्यायचं, वजनं ४, ५, ६, ७ आणि २३, बेरीज ४५, आणि समीकरण घ्यायचं डिग्री ४६ चं म्हणजे बेरजेपेक्षा फक्त एकने जास्त. घनफळ म्हणजे ४६ भागिले पाचही वजनांचा गुणाकार, तो २३ कापला की उरतं १/४२०. डिग्री बेरजेपेक्षा एकनेच जास्त असली की पी-जी म्हणजे वजन १ असलेल्या चलांची संख्या, तसा चलच नाही म्हणून पी-जी शून्य. घनफळ अपूर्णांकात कसं काय, तर या आकारावर काही टोकदार बिंदू राहतात, आणि तीन मितींत ते टाळता येत नाहीत हे मान्य करूनच मोरीने १९८८ मध्ये मिनिमल मॉडेलचं, म्हणजे आकाराचं सगळ्यात साधं रूप शोधायचं, काम पुरं केलं.

याच्याहून लहान घनफळाचा नमुना अजून कोणी दाखवलेला नाही, आणि १/१६८० च्या खाली जाता येत नाही एवढं सिद्ध झालंय. मधली जागा रिकामी आहे का तिथे कोणी लपलंय, माहीत नाही कोणालाच, आणि तुमची पुरवणी म्हणते काही उरलं नाही!

एखाद्या रविवारी सुडोकूच्या जागी ४, ५, ६, ७, २३ एवढे पाच आकडे छापा, आणि खाली विचारा की यांच्यापेक्षा लहान घनफळ देणारे पाच सुचतात का.

आपला,
एक क्लासवाला मास्तर