एसटीत अर्धी, होडीत आठ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला 'एकट्याने फिरा कोकण' हा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यात तेच चालू होतं म्हणून लिहितेय. लेखकांना मला एवढंच विचारायचंय, तुम्ही कोकणात एकटे फिरलात की गाडी घेऊन फिरलात? कारण दर दुसऱ्या परिच्छेदात 'वाटेत गाडी थांबवून' आहे. बाहेर गाडी उभी असली की एकटं असण्याचं कौतुक करायला काही जात नाही हो. ती नसेल तर कसं होतं ते मी सांगते.

मी चिपळूणची, कोकणातलीच, त्यामुळे 'पुण्यामुंबईकडून येऊन नावं ठेवतात' हे मला ऐकवू नका. मिस्टरांना घर सोडवत नाही, मुलगी तिच्या नोकरीत, मग मी एकटीच निघते, आता सवय झालीये. तुमच्या यादीत पहिला नंबर तारकर्लीला, तिथे मी गेल्या डिसेंबरात जाऊन आले. मांडवी एक्सप्रेसने कुडाळ, स्टेशनवरनं स्टँडपर्यंत रिक्षा (आपल्या कोकण रेल्वेची स्टेशनं गावापासून लांब का बांधलीत हा वेगळ्या पत्राचा विषय आहे), तिथनं एसटीने मालवण, इथपर्यंत सगळं उत्तम. मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, कंडक्टरने काही न विचारता दिलं आणि खिडकीची जागाही मिळाली.

रूमपासून पुढे गंमत सुरू होते. निघायच्या आधी घरूनच फोन केले होते. सगळीकडे पहिला प्रश्न 'किती जण?' आणि मी 'एक' म्हटलं की पलीकडे शांतता. एकाने सरळ सांगितलं, 'सिंगलला देत नाही मॅडम, मागे एक प्रकार झालाय.' कसला प्रकार ते त्याने सांगितलं नाही, पण मला काय ते कळलं. आता पन्नाशी उलटलेली बाई मासे खायला मालवणला येतेय, ती जीव कशाला देईल हो, निदान जेवण होईपर्यंत तरी? शेवटी एका ठिकाणी हो म्हणाले, पण रेट दोन माणसांचा, कारण रूम डबल. बरं म्हटलं. सकाळी नाश्त्याला घावणे आणि चटणी समोर आली ती एकाचीच. मी म्हटलं रेट दोघांचा आहे ना, मग दुसऱ्या माणसाचे घावणे डब्यात बांधून द्या, तो दुपारी खाईल. त्या काकू आधी माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हसत सुटल्या. दिले मात्र त्यांनी, वर काळ्या वाटाण्याची उसळही दिली, तेव्हा त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती तारकर्लीला लागूनच असलेल्या देवबागच्या होडीची, म्हणजे होडीवाल्यापेक्षा त्या पद्धतीची. तुमच्या लेखात 'डॉल्फिन राइड आणि त्सुनामी आयलंड चुकवू नका' असं ठळक अक्षरात छापलंय. तिथे होडी अख्खी घ्यावी लागते हे बारीक अक्षरातसुद्धा नाही. आठ माणसं घ्या नाहीतर एक, पैसे आठांचेच. होडीवर एक पोरगा होता, माझ्या भाच्याच्या वयाचा, त्याने पहिल्यांदा माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, 'काकी, बाकीची माणसां खंय आसत?' म्हटलं बाकीची नाहीत, मीच आहे. तो बिचारा म्हणाला थांबा, कोणी ग्रुप आला तर विचारूया. मग मी त्या माडाखाली बसले आणि येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडे तो माझ्यासाठी शब्द टाकत राहिला, लग्न न जमलेल्या मुलीसाठी स्थळं बघावीत तसा. कोणी म्हणे आमचं फॅमिलीचं आहे हो, कोणी म्हणे जागा नाही (होती), एका नवपरिणीत जोडप्याला तर मीच नको म्हटलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा एक कोल्हापूरचा ग्रुप 'या की मावशी' म्हणाला आणि मी होडीत चढले. माझा वाटा मी आधीच हातात ठेवला होता. त्यांनी घेतला, पण त्याबरोबर त्यांचे पाचही मोबाईल माझ्याकडे आले, कारण आता फोटोत सगळ्यांना यायचं होतं आणि फोटो काढायला बाहेरचं माणूस आयतं सापडलं होतं. डॉल्फिन दिसले म्हणतात, मी तेव्हा पोर्ट्रेट मोडमध्ये होते.

आणि ते त्सुनामी आयलंड. बेट वगैरे काही नाही, कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा एक पट्टा, ओहोटीला उघडा पडतो, भरतीला पाय भिजतात. त्यावर बनाना, बंपर, जेट स्की, सगळं पॅकेजमध्ये, आणि पॅकेज पुन्हा ग्रुपचंच. एकट्या माणसाने तिथे उभं राहून बघायचं काय तर दुसरे लोक कसे ओरडतात ते.

होडीवाल्याला डिझेल एकासाठीही तेवढंच जाळावं लागतं, हे मला कळतं, इतकं काही मी बाळबोध नाही. पण तिथनं काही किलोमीटरवर मालवणच्या जेटीवर काय होतं? सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला माणशी तिकीट आहे, होडी भरली की सुटते, तुम्ही एकटे आहात की वऱ्हाड घेऊन आलात कोणी विचारत नाही. दाभोळ-धोपावे फेरी घ्या, आगरदांडा-दिघी घ्या, माणशी तिकीट काढा आणि चढा, शेजारी ट्रक उभा असतो, चालतं. म्हणजे ही पद्धत कोकणाला माहीत आहे, वर्षानुवर्षं चालू आहे, फक्त जिथे पर्यटक शब्द आला तिथे माणूस मोजायचं बंद होतं आणि फॅमिली मोजायला लागतात. देवबागला सकाळी ठरलेल्या वेळेला माणशी तिकिटाच्या दोन होड्या सोडल्या तर कोणाचं काय जाणार आहे? हे कोणीतरी विचारा ना तिथल्या लोकांना, तुमचा लेखक जाऊन आलाय म्हणता.

गंमत म्हणजे जिथे एकट्या माणसाला खरंच बरं वाटतं त्या सिंधुदुर्गाला लेखात दोन ओळी, त्यातही 'इन्स्टाग्रामेबल' हा शब्द. अहो १६६४ ते १६६७ समुद्रात उभं राहून बांधलेला किल्ला आहे तो. चारी बाजूंना खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, तिन्हींना गोडं पाणी. चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा बघायला मी एकटी उभी राहिले, मागून 'चला लवकर' म्हणणारं कोणी नव्हतं. होडीवाला वेळ ठरवून देतो तेवढी घाई होते, बाकी काही नाही.

एक गोष्ट मात्र चिडून नाही, काळजीने लिहितेय. हरिहरेश्वरला 'पहाटे एकट्याने प्रदक्षिणा मार्गावर चाला, स्वतःशी संवाद साधा' असं छापलंय. तो मार्ग खडकांवरनं, समुद्राला लागून जातो, ओहोटीलाच जायचा असतो, भरती लागली की लाट कधी अंगावर येईल सांगता येत नाही. पहाटे, अंधारात, एकटा, आणि भरती-ओहोटीचा लेखात एक शब्द नाही! वाचून कोणी गेलं म्हणजे? निदान हे तरी पुढच्या रविवारी दुरुस्त करून छापा.

आणि तो दिवेआगरचा फोटो कुठल्या जमान्यातला आहे? किनाऱ्यालगत एवढं दाट सुरूचं बन दाखवलंय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, माझी नणंद तिकडचीच, तिच्या वाडीतल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या, कौलं कुठे गेली पत्ता नाही. पोफळ पुन्हा धरायला किती वर्षं लागतात ते ज्याची वाडी आहे त्यालाच माहीत. बातम्या तेव्हा तुम्हीच छापल्या होत्या आणि आता पुरवणीत जुनाच फोटो, वर 'अस्पर्शित किनारा'. खालच्या अर्ध्या पानावर रिसॉर्टची जाहिरात होती, 'कपल आणि फॅमिली पॅकेज' म्हणून, ती मात्र अगदी ताजी.

असो. पत्र लांबलं तर कापा, पण होडीचं कापू नका. आणि तुमच्या लेखकांनी देवबागला एकट्याने होडी केली असेल तर किती पैसे दिले तो आकडा छापा, मी वाट बघतेय.

आपली नियमित वाचक,
चिपळूण