बाबांच्या गोळ्या सुरू करण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या हिपॅटायटिस सीच्या, म्हणजे लिव्हरच्या विषाणूच्या, व्हायरल लोडचा (रक्तात विषाणू किती आहे त्याचा) रिपोर्ट पाहिला. विषाणू रक्तात आहे, पण फायब्रोस्कॅनमध्ये, म्हणजे लिव्हरच्या स्कॅनमध्ये, सिरॉसिस (लिव्हर व्रणांनी कडक होणं) नाही. 1986च्या ऑपरेशनला रक्त चढवलं होतं, बहुधा तिथूनच आला. हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला तोच 1989मध्ये, म्हणजे तेव्हा रक्त तपासायला चाचणीच नव्हती. त्यामुळे ‘मी तर दारूला शिवलोसुद्धा नाही’ असं भेटेल त्याला सांगत बसू नका.

पूर्वीचं औषध होतं इंटरफेरॉन. आठवड्याला इंजेक्शन, ताप, केस गळणं, नैराश्य, आणि इतकं सोसून अनेकांना गुण नाहीच. तुमची गोळी निराळी आहे: सोफोसबुव्हिर 400 आणि वेल्पाटासव्हिर 100 मिलिग्रॅम, दिवसाला एक, 12 आठवडे. 28 गोळ्यांच्या तीन बाटल्या. भारतात जास्त आढळणाऱ्या जीनोटाइप 3 या विषाणूच्या प्रकाराच्या रुग्णांवर तिची मोठी चाचणी झाली, त्यात 95 टक्के बरे झाले; सिरॉसिसवाल्यांतही 91. डोकेदुखी, थकवा, थोडी मळमळ, सहसा एवढाच त्रास.

मला काळजी आहे ती तुमच्या औषधांच्या डब्यातल्या बाकीच्या गोळ्यांची. सकाळी उपाशीपोटी घेता ती ॲसिडिटीची पँटोप्राझोल सगळ्यात आधी. वेल्पाटासव्हिर विरघळायला पोटात आम्ल लागतं. ते कमी झालं की गोळी गिळूनही रक्तात पुरेशी उतरत नाही. ‘इतकी वर्षं घेतोय, तिने काय होणार’ म्हणाल, म्हणून डॉक्टरांना स्वतःहून विचारा की 12 आठवडे ती बंद ठेवता येईल का. जळजळ झाली तर पातळ अँटासिड चालेल, पण या गोळीच्या आधी किंवा नंतर चार तासांचं अंतर हवं. आई, हे तुझ्याकडे. बाबा खिशात चघळायच्या गोळ्या ठेवतात, त्याही अँटासिडच.

शुगरवरही लक्ष ठेवा. विषाणू गेला की ती खाली येऊ शकते आणि तुमची शुगरची गोळी ग्लिमेपिराइड तेवढीच राहिली तर घाम, थरथर, चक्कर. पहिला महिनाभर घरच्या मशीनवर जास्त वेळा तपासा. कोलेस्टेरॉलच्या गोळीचं नाव आणि डोसही दाखवा. रोसुव्हास्टॅटिन असेल तर 10 मिलिग्रॅमच्या वर नको. फिट्सची कार्बामॅझेपिन, टीबीची रिफाम्पिसिन आणि हृदयाची अमिओडॅरोन तुम्हाला नाहीत, हे बरंच झालं.

गावाकडून काविळीचं औषध येईल. घेऊ नका. गुळवेलीचा काढाही नको. त्याने लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलेत.

गोळी रात्री जेवणानंतर घ्या. विसरलात आणि 18 तासांच्या आत आठवलं तर लगेच घ्या. त्यानंतर आठवलं तर पुढच्या वेळेलाच, दोन एकदम नकोत. तीन तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक घ्या.

ताटं-वाट्या वेगळ्या करायची गरज नाही, आई. दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेव. तुझीही एकदा अँटी-एचसीव्ही, म्हणजे या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी, करून घे.

शेवटच्या गोळीनंतर 12 आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड करायचा. विषाणू सापडला नाही तर बरे झालात. अँटिबॉडीची तपासणी मात्र पुढेही पॉझिटिव्हच येत राहील, म्हणून व्हायरल लोडचा तो रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा.

आणि एक राहिलंच आहे. फाइलमध्ये हिपॅटायटिस बीची तपासणी दिसली नाही. जुना बी दबून असेल तर सी गेल्यावर तो उसळून लिव्हर बिघडवू शकतो. एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी, बीच्या या दोन्ही रक्ततपासण्या उद्याच करा. डॉक्टरांनी ते बघेपर्यंत पहिली बाटली उघडू नका.

तुमची,
मनू