न घेतलेल्या रीडिंगचा अहवाल

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : वीज सुरक्षा तपासणीचा अहवाल मागे घेऊन फेरतपासणी करण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात आपली दोन माणसे आमच्या कार्यशाळेत तपासणीसाठी आली. साडेदहाला आली, जेवणाच्या सुट्टीआधी परत गेली. आठवड्याभराने 18 पानी अहवाल हाती पडला. सही, शिक्का, आणि प्रत्येक रकान्यात ‘समाधानकारक’.

त्यात 36 सर्किटांचा इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे तारांवरचे आवरण वीज किती अडवते त्याचे माप, दिला आहे. ही चाचणी 500 व्होल्ट डीसीवर होते, त्याआधी सर्किटचा पुरवठा बंद करावा लागतो, हे आपल्याला मी सांगायला नको. त्या दिवशी आमचे एकही मशीन मिनिटभरसुद्धा थांबलेले नाही. उत्पादनाची नोंदवही दाखवायला तयार आहे. मग हे मोजणारा मेगर मारला कुठे? बरे, आकडा सगळीकडे एकच : 85 मेगाओहम. नव्या पॅनेललाही तोच आणि जुन्या तेलकट वायरिंगलाही तोच. 1 मेगाओहमची किमान मर्यादा ओलांडली की झाले, असा हिशेब दिसतो.

विजेची गळती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबींची कथाही तीच. नऊच्या नऊ 24 मिलिसेकंदांत ट्रिप झाल्याचे लिहिले आहे. नऊ वेळा वीज गेली असती तर कामगारांनी माझे डोके खाल्ले असते.

हे सगळे मी उकरून काढले त्याला कारण घडले. मागच्या सोमवारी ग्राइंडरच्या बॉडीला हात लागताच आमच्या एका कामगाराला झिणझिण्या आल्या. नशिबाने तेवढ्यावर निभावले. सॉकेट उघडले तर अर्थिंगची तार टर्मिनलमधून सुटलेली, तिच्या टोकावर हिरवा गंज चढलेला. काल-परवा सुटलेली तार अशी दिसत नाही. आपल्या अहवालात याच सॉकेटची अर्थ कंटिन्युइटी 0.2 ओहम आहे, म्हणजे अर्थिंगची तार नीट जोडलेली!

फोन केला तेव्हा आपल्या प्रतिनिधीने सांगितले, “आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबा, ट्रिप होतो ना? मग काळजी नको.” ते बटण फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासते. सॉकेटपर्यंत अर्थिंग पोचले की नाही, हे त्यावरून कळत नाही. शिवाय 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीला झिणझिण्यांपुरत्या गळतीचा पत्ताही लागत नाही. तपासणीचा धंदा करणाऱ्याने असे उत्तर द्यावे, याचा राग तारेपेक्षा जास्त आला.

हा अहवाल सात दिवसांत लेखी मागे घ्यावा. वापरलेल्या उपकरणांची कॅलिब्रेशन (अचूकता पडताळणी) प्रमाणपत्रे आणि त्यांच्या मेमरीतल्या वेळेसह नोंदी पाठवाव्यात. नोंदी नसतील तर तसे स्पष्ट लिहावे. फेरतपासणी विनाशुल्क व्हावी आणि प्रत्येक रीडिंग आमच्या माणसासमोर घ्यावे. तोवर बिलाची उरलेली रक्कम मिळणार नाही.

ग्राइंडर बंद ठेवून त्यावर लाल चिठ्ठी लावली आहे. साप्ताहिक सुट्टीला पूर्ण पुरवठा बंद ठेवता येईल. कोण येणार ते आधी कळवा. तीच दोघे नकोत.

आपला,
कार्यशाळा व्यवस्थापक

सोबत : अहवालाची प्रत, त्या दिवशीच्या नोंदवहीचे पान, सॉकेटचे फोटो