गाण्यांचा क्रम हाही संगीताचाच भाग

महोदय,

या वर्षी मी एक नेम धरला आहे. दर आठवड्याला एक अल्बम निवडायचा आणि तो पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, दिलेल्या क्रमाने ऐकायचा. मधले गाणे गाळायचे नाही, आवडलेले लगेच पुन्हा लावायचे नाही. ऐकताना वाचन नाही, घरकाम नाही, फोन दुसऱ्या खोलीत. दोन-तीन दिवसांनी तोच अल्बम पुन्हा एकदा. मी मुद्रितशोधनाचे काम करते. मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, एकही ओळ न वगळता वाचायचा, ही माझ्या हाताची सवय. संगीताच्या बाबतीतही तेवढेच लक्ष द्यावे, असे फार दिवस मनात होते.

या नेमामुळे जे कानावर आले ते आपल्या वाचकांना सांगावेसे वाटते.

जॅझवादक माइल्स डेव्हिस यांचा १९५९ चा ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. मूळ तबकडीच्या पहिल्या बाजूला तीनच रचना. दुसरी रचना सुरू झाली आणि पियानोची चाल बदलली असे मला जाणवले. पहिल्या रचनेतला पियानो मागे राहून विचार करत वाजत होता, हा मात्र मोकळा, पावलांवर ठेका धरायला लावणारा. तिसऱ्या रचनेत पहिला स्वभाव परत आला. नंतर वादकांची नावे पाहिली, तर त्या एकाच रचनेत विंटन केली पियानोवर आहेत, बाकी सर्वत्र बिल एव्हान्स. जॅझमधले मला फारसे कळत नाही. तरीही हा फरक कळला, कारण तिन्ही रचना लागोपाठ, शेजारी शेजारी ऐकल्या. तीच दुसरी रचना कुठल्या तरी यादीत एकटी लागली असती तर केवळ ‘छान पियानो’ एवढेच म्हणून मी पुढे गेले असते.

क्रम मोडला की काय हरवते, याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा एक दिवस या अल्बममध्ये रागांच्या वेळांनुसार उलगडतो. सुरुवातीला सकाळचा अहिर भैरव, पुढे पिलू, मग संध्याकाळचा भूप, रात्रीचा देस आणि शेवटी पहाडी. आता हाच अल्बम शफलवर, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणाऱ्या सोयीवर, लावा. रात्र आधी, सकाळ मागून. एकही सूर बदललेला नसतो, पण दिवसच उरत नाही.

अमेरिकन गायक मार्विन गे यांच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’मध्ये तर गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत. युद्धावरून परतलेला सैनिक आपल्या माणसांत येऊन पाहतो, विचारतो, अस्वस्थ होतो. एका गाण्याचा शेवट म्हणजे पुढच्याचा श्वास. तो मध्येच तोडला की कानाला ठेच लागते. (असे अल्बम ऐकताना ॲपमधली ‘क्रॉसफेड’ची सोय बंद ठेवावी. गाण्यांची टोके ती आपल्या मर्जीने एकमेकांवर चढवते.)

या क्रमामागे केवळ कलावंताची लहर नसते. १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँगप्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांची जागा मिळाली. तबकडी एकाच वेगाने फिरते, पण मध्याजवळ प्रत्येक फेरा लहान होत जातो. तेवढ्याच वेळासाठी आवाज कोरलेल्या खाचेची लांबी कमी मिळते आणि मोठा, टिपेचा आवाज तिथे फाटू लागतो. म्हणून अनेकदा दणदणीत गाणे बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणे शेवटी ठेवले जाई. फोनवर ऐकतानाही मी बाजू संपते तिथे थांबते, पाच मिनिटे काहीच लावत नाही. ऐकलेले त्या पाच मिनिटांत मुरते.

सगळेच अल्बम एवढ्या वेळाच्या योग्यतेचे असतात, असे माझे म्हणणे नाही. सीडीवर सत्तर मिनिटांहून अधिक जागा मिळाली, तेव्हा ती भरण्यासाठीच घातल्यासारखी वाटणारी गाणी पुष्कळ अल्बमांत आहेत. एकट्या गाण्याची थोरवीही मी मानते. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवर तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग उभा करणारे गायक आपल्याकडे होऊन गेले. पण जे एकत्र ऐकण्यासाठी रचले, ते एकत्र ऐकले जावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अडेल या गायिकेने हाच आग्रह धरला आणि अल्बमच्या पानावर शफल हीच पहिली निवड ठेवण्याची पद्धत स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या ॲपने बदलली. एका कलावंताच्या शब्दाने एवढे होऊ शकले, याचा मला फार आनंद झाला होता.

सर्वांत मोठा लाभ मात्र चौथ्या-पाचव्या गाण्यांचा. पहिल्या फेरीत कंटाळवाणे वाटलेले संथ गाणे दुसऱ्या फेरीत मी वाट पाहत ऐकते, असे वारंवार घडले आहे. ज्या गाण्यावर बोट पुढे सरकवायला शिवशिवते, तेच पुष्कळदा आधीच्या दोन गाण्यांचा ताण उतरवत असते.

म्हणून आपल्याला विनंती. संगीताविषयी लिहिताना एकेका गाजलेल्या गाण्याबरोबर पूर्ण अल्बमलाही जागा द्यावी. परीक्षणात अल्बमची एकूण लांबी सांगावी, वादकांची नावे द्यावीत आणि एखादे गाणे त्याच जागी का आहे याविषयी समीक्षकाने दोन वाक्ये लिहावीत. जागा अपुरी असेल तर गुणांकनाचे तारे खुशाल गाळावेत, पण गाण्यांची यादी क्रमाने छापावी.

आपली,
एक नियमित वाचक